गावाचा कारभार गावाच्याच हाती

अडीच हजार वस्तीच्या ठिकाणाला आपल्याकडे कुणी शहर म्हणणार नाही. ते खेडेच, आणि तेही फार मोठे नव्हे. पण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील व्हर्माँट राज्यात व्हर्जेन्स नावाचे एक शहर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या भरली २,५५३. क्षेत्रफळ जेमतेम साडेसहा चौरस किलोमीटर. तरी त्याला महापौर आहे, नगरसभा आहे आणि शहराचा दर्जा देणारी १७८८ सालची सनदही आहे. त्या वर्षी व्हर्माँट अमेरिकेत सामीलसुद्धा झाले नव्हते!

अमेरिका म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे येतात न्यूयॉर्कचे मनोरे, आठपदरी रस्ते आणि मैलभर पसरलेली दुकाने. व्हर्माँट या चित्रात कुठेच बसत नाही. कॅनडाच्या सरहद्दीला टेकलेले हे डोंगराळ राज्य सुमारे २५ हजार चौरस किलोमीटरचे. राज्याचे नाव ‘हिरवे डोंगर’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून पडले. लोकसंख्या ६ लाख ४३ हजार, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील एकट्या नाशिक शहराच्या निम्म्याहूनही कमी. बर्लिंग्टन हे सर्वांत मोठे शहर, तेही पंचेचाळीस हजारांच्या आतले. राजधानी माँटपीलियरची वस्ती तर आठ हजारांच्या आसपास. अमेरिकेच्या पन्नास राज्यांत एवढी छोटी राजधानी दुसरी नाही.

इतकी लहान शहरे चालतात कशी, हा प्रश्न साहजिक आहे. गिरणी बंद पडली, खाण थंडावली, तरुण बाहेर गेले, की गाव ओस पडते, हा अनुभव जगभरचा आहे. व्हर्माँटच्या गावांवरही ही वेळ आली, एकदा नव्हे तर अनेकदा. त्यांनी ती कशी निभावली आणि आज त्यांच्यासमोर काय वाढून ठेवले आहे, याची ही हकीकत.

एका गावाचा एक धंदा

येथील बहुतेक गावे एकेका धंद्यावर उभी राहिली. डोंगराळ जमीन, सहा महिन्यांचा हिवाळा. शेती बेताची. मग ज्या गावाजवळ जे सापडले, त्यावर ते जगले. नदी होती तेथे गिरणी आली आणि डोंगरात दगड होता तेथे खाण निघाली.

सेंट जॉन्सबरी हे गाव वजनकाट्यावर वाढले. गाडीभर माल तोलायचा तर पूर्वी मोठी यातायात करावी लागे. थॅडियस फेअरबँक्स या येथील कारागिराला वाखाच्या गाड्या तोलायच्या होत्या. त्याने जमिनीलगत फळी बसवून तिच्याखाली तरफांची जुळणी केली. गाडी फळीवर आणली की वजन कळे. १८३१ मध्ये त्याने या काट्याचे पेटंट घेतले आणि पुढे फेअरबँक्स काटे देशोदेशी गेले. या घराण्याने पैसा गावाबाहेर नेला नाही. १८७१ मध्ये गावाला ग्रंथालय आणि पाठोपाठ चित्रदालन दिले. १८९१ मध्ये वस्तुसंग्रहालय दिले. दोन्ही आजही चालू आहेत.

दक्षिणेकडील ब्रॅटलबरो गावात एस्टी कंपनी ऑर्गन बनवत असे. मराठी संगीत नाटकात पायाने भाता मारून वाजवली जाणारी पायपेटी वाचकांना आठवत असेल. त्याच जातीचे रीडचे ऑर्गन येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तयार होऊ लागले. १९६० मध्ये कारखाना बंद झाला, तोवर पाच लाखांहून अधिक ऑर्गन येथून बाहेर पडले होते.

ज्यांच्यापाशी असे भांडवल नव्हते, त्यांनी एकमेकांच्या आधाराने धंदा उभारला. कॅबट गावाच्या परिसरातील ९४ शेतकऱ्यांनी १९१९ मध्ये एकत्र येऊन लोणी काढण्याचा सहकारी कारखाना घेतला. वर्गणी किती? प्रत्येक गाईमागे पाच डॉलर आणि बॉयलरसाठी जळाऊ लाकूड! आज ‘कॅबट’ चीज सगळ्या अमेरिकेत विकले जाते. सहकारी दूध संघ पाहिलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये.

दगड आणि दगडाची धूळ

माँटपीलियरपासून दहा-बारा किलोमीटरवर बॅरी हे शहर आहे. त्याचा करडा ग्रॅनाइट जगभर नावाजलेला. एकसारखा पोत, ऊन-पावसाने न झिजणारा. त्यामुळे स्मारके आणि थडग्यांचे दगड यांना मोठी मागणी. १८८० मध्ये येथे दोन हजारांच्या आसपास लोक होते. रेल्वे खाणीपर्यंत पोहोचली आणि १९०० पर्यंत वस्ती साडेआठ हजारांच्या घरात गेली. स्कॉटलंडचे पाथरवट आले. त्यांच्यामागून इटलीचे शिल्पी आले. ते हातात कसब आणि डोक्यात समाजवादी विचार घेऊन आले होते. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या श्रमातून कामगारांचे सभागृह बांधले. ते आजही उभे आहे.

१९१२ मध्ये शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉरेन्स येथे कापड गिरण्यांचा मोठा संप झाला. उपाशी राहण्याची पाळी आलेल्या संपकऱ्यांची ३५ मुले बॅरीला पाठवण्यात आली. पाथरवटांच्या कुटुंबांनी ती आपल्या घरी ठेवून घेतली. स्वतःच्या ताटातले दुसऱ्याच्या पोराला वाढणारे हे लोक स्वतः मात्र एका भयंकर रोगाच्या छायेत जगत होते.

इटलीत दगड उघड्यावर घडवला जाई. व्हर्माँटच्या थंडीत ते शक्य नव्हते. म्हणून बंद शेडमध्ये काम चाले. त्यात हवेच्या दाबावर चालणारी नवी हत्यारे आली. काम झपाट्याने होऊ लागले, पण पिठासारखी बारीक धूळ शेडमध्ये भरून राहू लागली. ती फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होई आणि पाठोपाठ क्षय. उमेदीच्या वयातले शिल्पी मरू लागले. त्यांच्या विधवा घरात खाणावळ चालवून, दारूबंदीच्या काळात चोरून वाइन विकून मुले वाढवत. कामगार संघटनांनी वर्षानुवर्षे धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रांची मागणी लावून धरली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ती यंत्रे शेडमध्ये बसली, तेव्हा कुठे नव्या कामगारांचा हा रोग आटोक्यात आला.

बॅरीची होप दफनभूमी पाहायला आज पर्यटक येतात. तेथील प्रत्येक दगड बॅरीचाच. कुणाच्या थडग्यावर ग्रॅनाइटची आरामखुर्ची आहे, कुणाच्या शर्यतीची मोटार, तर कुणाच्या फुटबॉल. एलिया कॉर्ती या शिल्पीचा पूर्णाकृती पुतळा तेथे बसलेला आहे. शेजारी छिन्नी-हातोडा. १९०३ मध्ये त्याच कामगार सभागृहात दोन गटांच्या भांडणात त्याला गोळी लागली. त्याच्या आप्तांनीच एका अखंड दगडातून हा पुतळा घडवला. जे हात जगासाठी थडगी घडवत होते, त्यांनाच आपल्या माणसांची थडगीही घडवावी लागली.

आणखी एक आकडा सांगण्यासारखा आहे. बॅरी शहराची लोकसंख्या १९०० मध्ये ८,४४८ होती. २०२० मध्ये ती ८,४९१ निघाली. एकशेवीस वर्षांत शहर फुगले नाही आणि विझलेही नाही.

मोगलीचे माहेर

व्हर्माँटचा मुंबईशी एक जुना संबंध आहे. ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मलेला रडयार्ड किपलिंग लग्नानंतर १८९२ मध्ये ब्रॅटलबरोला राहायला आला. त्याची पत्नी कॅरोलाइन येथल्या घराण्यातली. किपलिंगचे वडील मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिक्षक होते. बालपण मुंबईत गेलेल्या या लेखकाने मोगली, बघीरा आणि शेरखान यांच्या गोष्टी लिहिल्या, त्या खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ असताना! ‘जंगल बुक’ १८९४ मध्ये आले, दुसरा भाग १८९५ मध्ये. सिवनीचे रान त्याने कागदावर उभे केले ते येथील डोंगरात बसून.

शेजारच्या डमरस्टन गावात त्याने घर बांधले. त्याला नाव दिले ‘नौलखा’. लाहोरच्या किल्ल्यातील नौलखा मंडपावरून घेतलेले हे नाव अमेरिकेतल्या त्या टेकडीवर आजही टिकून आहे. किपलिंग मात्र टिकला नाही. मेहुण्याशी त्याचे बिनसले. १८९६ मध्ये प्रकरण कोर्टात गेले. वार्ताहरांची रीघ लागली. लहान गावात भांडण झाले की ते चार भिंतींत राहत नाही, हे त्याला पुरते कळले असावे. त्याच वर्षी त्याने कुटुंबासह व्हर्माँट सोडले. लहान गावाची ऊब आणि त्याचा जाच अशा दोन्ही गोष्टी चार वर्षांत त्याच्या वाट्याला आल्या.

मार्चचा पहिला मंगळवार

व्हर्माँटच्या गावांचा खरा कणा पाहायचा, तर मार्च महिन्यातला पहिला मंगळवार गाठावा लागतो. हा ‘टाउन मीटिंग’चा दिवस. राज्यभर सुटी असते. वितळत्या बर्फाने रस्ते चिखलाचे झालेले असतात. लोक गमबूट घालून शाळेच्या सभागृहात किंवा गावच्या सभामंडपात जमतात. आपल्याकडील ग्रामसभेसारखीच ही सभा, पण येथे नुसती चर्चा होत नाही. गावचे अंदाजपत्रक लोक स्वतः मंजूर करतात.

सभेतील विषयांची यादी किमान तीस दिवस आधी जाहीर झालेली असते. सभा चालवायला निवडलेला संचालक असतो. बोलायचे ते त्याच्याकडे पाहून; शेजाऱ्यावर थेट तोफ डागायची नाही. बर्फ उपसण्याचे नवे वाहन घ्यायचे की जुनेच आणखी दोन वर्षे वापरायचे? ग्रंथालयाला किती पैसे द्यायचे? अग्निशामक दलाच्या छपराचे काय? प्रत्येक बाबीवर कुणीही उठून प्रश्न विचारू शकतो. मग ‘हो’ किंवा ‘नाही’ असे तोंडी मत. दुपारी मधली सुटी आणि घरोघरून आणलेल्या पदार्थांचे सामुदायिक जेवण. सकाळी ज्याचा ठराव पाडला, त्याच्याच शेजारी बसून दुपारी सूप प्यायचे, अशी ही रीत आहे.

ही प्रथा अठराव्या शतकापासून चालत आली आहे. चित्रकार नॉर्मन रॉकवेल १९३९ पासून काही वर्षे येथील आर्लिंग्टन गावात राहत होता. तेथील शाळा जळाली होती. नवी बांधावी असे बहुतेकांचे मत होते. सभेत एक शेजारी उठला आणि एकट्याने विरोध केला. कुणी त्याला खाली बसवले नाही. सगळ्यांनी त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. हे दृश्य रॉकवेलच्या मनात राहिले आणि त्यातून १९४३ मध्ये त्याचे भाषणस्वातंत्र्यावरील गाजलेले चित्र जन्माला आले. चित्रातला तो कामकरी माणूस आज सगळ्या अमेरिकेला ठाऊक आहे.

गावच्या सभेने कधीकधी गावाबाहेरही नजर टाकली. मार्च १९८२ मध्ये अण्वस्त्रांची वाढ थांबवावी, असा ठराव दीडशेहून अधिक गावांनी संमत केला. रस्त्याच्या खड्ड्यांबरोबरच जगाच्या भवितव्यावरही मत देण्याचा हा खटाटोप काहींना हास्यास्पद वाटला. पण वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली.

या सभेचे नुसते गोडवे गाण्यातही अर्थ नाही. व्हर्माँट विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक ब्रायन यांनी सुमारे दीड हजार सभांचा अभ्यास केला. सरासरी पाच मतदारांतला एकच सभेला येतो, असे त्यांना आढळले. ज्याला त्या दिवशी कामावरून सुटी मिळत नाही, ज्या आईला तान्हे मूल आहे, त्यांनी काय करायचे? म्हणून अनेक गावांनी सभेऐवजी मतपेटी स्वीकारली. मत देणे सोपे झाले. समोरासमोर बसून ऐकण्याची सवय मात्र मतपेटीत मावत नाही, अशी खंत जुने लोक बोलून दाखवतात.

काय नको, हेही ठरवले

काय हवे हे सगळेच सांगतात. काय नको ते वेळीच ठरवणे अवघड. १९६० च्या दशकात नवे महामार्ग आले आणि बोस्टन-न्यूयॉर्कची मंडळी काही तासांत येथे येऊ लागली. डोंगरउतारावर घरांच्या वसाहती पडू लागल्या. तेव्हा व्हर्माँटने १९६८ मध्ये रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांवर बंदी घालणारा कायदा केला. फलक नसले तर पर्यटक येणार कसे, अशी हॉटेलवाल्यांची तक्रार होती. झाले उलटेच. फलक गेल्यावर डोंगर दिसू लागले आणि डोंगर पाहायला लोक येऊ लागले. आज अमेरिकेत असे फलक नसलेली चारच राज्ये आहेत. १९७० मध्ये मोठ्या बांधकामांना परवान्याची कडक अट घालणारा कायदा झाला. तो आजही ‘ॲक्ट २५०’ या नावाने ओळखला जातो.

वॉलमार्ट या अजस्र दुकानसाखळीला व्हर्माँटमध्ये शिरकाव मिळाला तो १९९५ साली, सर्व राज्यांच्या शेवटी. तोही बेनिंग्टन येथे, आधीच असलेल्या इमारतीत. गावाबाहेर शेतात प्रचंड दुकान झाले, की गावातली पेठ बसते, हे लोकांनी इतर राज्यांत पाहिले होते. रटलंड शहरात तर हे दुकान गावाच्या मधोमधच उघडावे लागले. राजधानी माँटपीलियरच्या हद्दीत मॅकडोनाल्डचे हॉटेल नाही, ही गोष्ट येथील लोक पाहुण्यांना आवर्जून सांगतात.

प्रत्येक कल्पना अशी शहाणपणाचीच होती असे नाही. विनूस्की या गिरणीगावातील लोकरीची गिरणी १९५४ मध्ये बंद झाली. पुढे तेलाचे भाव भडकले आणि हिवाळ्यात घर तापवणे परवडेना. १९७९ मध्ये तेथील अधिकाऱ्यांनी संपूर्ण शहरावर एक मोठा घुमट घालण्याची योजना मांडली! अभ्यासासाठी केंद्राकडे ५५ हजार डॉलरही मागितले. पैसे मिळाले नाहीत आणि घुमट कागदावरच राहिला. जुन्या गिरण्यांत पुढे कचेऱ्या आणि घरे झाली. विनूस्कीत आज भूतानमधून हाकलले गेलेले आणि नेपाळच्या छावण्यांत वर्षे काढलेले नेपाळी भाषक राहतात. बोस्निया आणि सोमालियाचे निर्वासितही आहेत. २०२१ मध्ये विनूस्की आणि माँटपीलियर या दोन शहरांनी, कायदेशीर वास्तव्य असलेल्या परंतु नागरिकत्व न मिळालेल्या रहिवाशांना शहराच्या निवडणुकीत मताधिकार दिला. जो येथे राहतो, कर भरतो, त्याला गावच्या कारभारात बोलता यावे, हा त्यामागचा विचार.

नदीचा हिशेब

या गावांचा जुना वैरी म्हणजे त्यांच्याच नद्या. गिरण्या नदीकाठी, म्हणून गावेही नदीकाठी. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये अरुंद दरी. पाऊस अतोनात झाला की पाण्याला पसरायला जागाच नाही. नोव्हेंबर १९२७ च्या महापुरात व्हर्माँटमध्ये ८४ माणसे दगावली. त्यात राज्याचे उपराज्यपाल हॉलिस्टर जॅक्सनही होते. बॅरीमध्ये पुराच्या पाण्याने त्यांचा बळी घेतला. बाराशेहून अधिक पूल वाहून गेले. त्यानंतर माँटपीलियरच्या वरच्या बाजूला राइट्सव्हिल येथे धरण बांधण्यात आले.

ऑगस्ट २०११ मध्ये ‘आयरीन’ वादळ आले. तेरा गावांचे रस्ते तुटले. जुन्या लाकडी छपराच्या पुलांचे व्हर्माँटला मोठे कौतुक. असे सुमारे शंभर पूल राज्यात आहेत. बार्टन्सव्हिलचा असाच एक पूल लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेला. काँक्रीटचा पूल स्वस्तात झाला असता. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली आणि पहिल्यासारखाच लाकडी छपराचा पूल पुन्हा बांधून घेतला. २०१३ च्या सुरुवातीला तो खुला झाला.

जुलै २०२३ मध्ये मात्र राजधानीवरच घाला आला. १० आणि ११ जुलैच्या पावसाने विनूस्की नदी फुगली आणि माँटपीलियरची पेठ पाण्याखाली गेली. राइट्सव्हिलचे धरण काठोकाठ भरले. पाणी ओसरल्यावर तळघरांतून चिखल उपसायला शेकडो स्वयंसेवक फावडी घेऊन आले. पुस्तकांच्या दुकानांपासून हॉटेलांपर्यंत सर्वांनी पुन्हा मांडामांड केली. आणि बरोबर एक वर्षाने, जुलै २०२४ च्या त्याच तारखांना, पुन्हा पूर आला. बॅरी आणि प्लेनफिल्ड या गावांना तडाखा बसला.

दोनदा घर धुऊन निघाल्यावर माणसाची हिंमत खचणारच. पुन्हा बांधायचे, की जागा नदीला देऊन टाकायची? काही घरे सरकारी पैशाने विकत घेऊन ती जागा मोकळी ठेवण्याचे काम सुरू झाले. पण घर गेले की त्याचा करही गेला. आधीच लहान असलेल्या शहराची मिळकत आणखी घटली. नदीला जागा द्यावी तर गाव आक्रसते आणि न द्यावी तर बुडते, अशी ही कोंडी आहे.

टिकण्याची किंमत

डोंगर राखले, पेठा राखल्या, फलक हटवले. त्याची किंमतही व्हर्माँटला मोजावी लागते आहे. बांधकामावर निर्बंध म्हणून नवी घरे कमी. त्यात शहरी श्रीमंतांनी सुट्यांसाठी घेऊन ठेवलेली घरे पुष्कळ. वर्षाचे दहा महिने त्यांना कुलूप. गावातल्या शिक्षिकेला, परिचारिकेला, रस्ते साफ करणाऱ्या कामगाराला गावात घर मिळत नाही. व्हर्माँट हे अमेरिकेतील सर्वांत वयस्क लोकसंख्येच्या राज्यांपैकी एक आहे. निम्मे लोक साधारण त्रेचाळीस वर्षांच्या पुढचे. १९४० च्या दशकात येथे अकरा हजारांवर दूध शेतकरी होते. आता गाईंचे गोठे पाचशेच्या आसपास उरले आहेत. मेपलच्या झाडांनी मात्र साथ सोडलेली नाही. चाळीस लिटर रस आटवून एक लिटर पाक होतो आणि अमेरिकेतला निम्मा मेपल पाक व्हर्माँटचा असतो.

मुले कमी झाली, तसा शाळा-कॉलेजांचा खर्च डोईजड झाला. पोल्टनी गावातील ग्रीन माउंटन कॉलेज २०१९ मध्ये बंद पडले, मार्लबरो कॉलेज २०२० मध्ये आणि प्लेनफिल्डचे गॉडर्ड कॉलेज २०२४ मध्ये. कॉलेज गेले की खाणावळ, धोबी, पुस्तकविक्रेता सगळ्यांचीच मिळकत जाते. लहान शाळा एकत्र कराव्यात असा राज्याचा आग्रह आहे. पण शाळा हे गावाचे शेवटचे चावडीचे ठिकाण. ती गेली तर मार्चची सभा तरी कुठे भरवायची, असे लोक विचारतात. घरपट्टी वाढली तेव्हा मार्च २०२४ मध्ये राज्यातील जवळजवळ एक तृतीयांश शाळांची अंदाजपत्रके मतदारांनी फेटाळली. ती शाळेवरच्या रागापोटी नव्हे, तर खिशात पैसा नाही म्हणून.

या अडचणींना व्हर्माँटपाशी तयार उत्तर नाही. अलीकडे गावातल्या गावात, पेठेजवळ नवी घरे बांधणे सोपे व्हावे म्हणून ॲक्ट २५० मध्ये सुधारणा झाल्या. त्यावरही दोन तट आहेतच. एकाला डोंगर जातील याची भीती, दुसऱ्याला माणसे जातील याची.

मात्र या छोट्या गावांच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. काट्यांनी, ऑर्गननी, ग्रॅनाइटने आणि लोकरीने गावे वाढवली, पण त्यांतला कोणताच धंदा कायमचा नव्हता. धंदा गेल्यावर जी गावे उरली, ती एकत्र बसून ठरवण्याच्या सवयीमुळे. मुले सांभाळायची की नाही, पूल लाकडाचा बांधायचा की काँक्रीटचा, फलक हवेत की डोंगर, नव्याने आलेल्या माणसाला मत द्यायचे की नाही, हे प्रश्न त्यांनी दुसऱ्या कुणावर सोपवले नाहीत. चुकले तेव्हाही ते स्वतःच्या निर्णयाने चुकले.

आता प्रश्न एवढाच, की त्या सभागृहातील खुर्च्यांवर उद्या कोण बसणार? केस पिकलेले हात अजून मतासाठी वर होतात. त्यांच्या शेजारी पंचविशीतले हात वर व्हायचे, तर त्या हातांना गावात काम आणि डोक्यावर परवडेल असे छप्पर हवे. व्हर्माँटच्या अडीचशे गावांपुढचा आजचा सर्वांत मोठा ठराव हाच आहे आणि तो अजून मंजूर व्हायचा आहे.